कावेरीकाठची मराठी

तमिळनाडूतील तंजावर शहर १६७६ पासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळपास एकशे ऐंशी वर्षे, भोसले घराण्याची राजधानी होते. या काळात मराठी सरदार, कारकून, पंडित, कीर्तनकार आणि कारागीर कावेरीच्या खोऱ्यात येऊन राहिले. राज्य गेले तरी त्यांच्यापैकी बहुतेक तेथेच राहिले. आज त्यांचे वंशज तंजावर, कुंभकोणम, चेन्नई आणि दक्षिणेतील इतर शहरांत विखुरलेले असून अनेक घरांत अजूनही मराठी बोलली जाते. मायभूमीपासून दूर गेलेल्या मराठी समाजाने काय जपले, काय गमावले आणि कशाच्या बळावर जपले, हे पाहायला तंजावरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटहून तंजावरला जायचे तर आधी सोलापूर गाठावे लागते. तेथून रेल्वेने चेन्नई आणि पुढे विळुप्पुरम, मयिलादुतुरै, कुंभकोणम या मार्गाने तंजावर. मराठवाड्याच्या माणसाने हा प्रवास करावा, असे मला वाटण्याचे कारण त्या राज्याच्या मुळाशी आहे. तंजावरचे भोसले मूळचे वेरूळचे. तंजावर परिसरात ज्यांच्या संप्रदायाचे मठ उभे राहिले ते समर्थ रामदास आजच्या जालना जिल्ह्यातील जांबचे. केजच्या शेजारच्या अंबाजोगाईत मुकुंदराज आणि दासोपंत यांची परंपरा आहे, म्हणजे मराठी ग्रंथरचनेचे एक जुने केंद्र याच मातीत आहे. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यातील मराठी कावेरीकाठी पोहोचल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न म्हणून मराठवाड्याला घरचाच वाटायला हवा.

इतिहासाचा क्रम असा. शहाजीराजे भोसले विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीत १६३८ नंतर बंगळूरच्या जहागिरीवर गेले आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातील माणसेही दक्षिणेत उतरली. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. बंगळूरची जहागीर त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे आली. त्या सुमारास तंजावरच्या नायक घराण्यावर मदुरेच्या नायकांनी चढाई करून राज्य घेतले होते. तंजावरच्या वारसाला गादी मिळवून देण्यासाठी आदिलशाहीने व्यंकोजींना पाठवले. पुढे व्यंकोजींनी सत्ता स्वतःच्याच हाती घेतली आणि तंजावरला मराठी राज्य सुरू झाले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांची आणि व्यंकोजींची भेट कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमलवाडी येथे झाली. वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून दोघा भावांत मतभेद झाले, पण तंजावरची गादी व्यंकोजींच्या वंशाकडेच राहिली.

या घराण्याची सर्वांत मोठी सार्वजनिक खूण तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आहे. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या जोत्यावर आणि भिंतींवर चोळांचे तमिळ शिलालेख आहेत. प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर मात्र मजकूर एकाएकी ओळखीचा होतो, कारण तो देवनागरीत आणि मराठीत आहे. हा ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने बाबूराय यांनी रचला आणि १८०३ मध्ये तो कोरला गेला. भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास त्यात दिला आहे. भारतातील सर्वांत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. ओळीमागून ओळ भिंत भरून गेलेली आहे. चार पावले चालत वाचावे आणि पुन्हा मागे येऊन पुढची ओळ धरावी, असे त्याचे वाचन आहे. तमिळ भाविकांची रांग शेजारून दर्शनाला जात असते आणि बखरीच्या वळणाची मराठी दगडावर उभी असते. मराठी गद्याचा हा एवढा मोठा कोरीव ठेवा महाराष्ट्रात नाही, तो तंजावरला आहे.

तंजावरच्या दरबारात मराठी एकटी नव्हती. नायकांच्या काळापासून तेथे तेलुगू ही काव्याची आणि संगीताची भाषा होती, तमिळ लोकांची होती आणि संस्कृत शास्त्रांची. भोसल्यांनी यांपैकी एकही भाषा बाजूला सारली नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे दुसरे यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले. त्यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ रचले आणि एकाच नाटकात पाच भाषा वापरणारे ‘पंचभाषा विलास’ लिहिले. कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव त्यांनी विद्वानांना दान दिले, म्हणून ते शहाजीराजपुरम या नावानेही ओळखले गेले. तुकोजीराजांनी संगीतावर ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. प्रतापसिंहराजांच्या दरबारात मुद्दुपळनी या कवयित्रीने तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ लिहिले.

मराठी नाटकाच्या इतिहासात तर तंजावरला फार वरचे स्थान आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ धरण्याची पद्धत आहे. शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे, १६९० च्या आसपासचे. तंजावरच्या राजांनी आणि त्यांच्या आश्रितांनी अशी अनेक मराठी नाटके लिहिली. त्यांचा बाज दक्षिणेतील यक्षगानाचा आहे. सूत्रधार येतो, गणेशाचे स्तवन होते, पात्रे ‘दरू’ म्हणजे नाट्यपदे गात प्रवेश करतात आणि पदांना कर्नाटक संगीतातील राग असतात. भाषा मराठी, चाल दक्षिणेची. महाराष्ट्रातील रंगभूमीपर्यंत हा प्रवाह पोहोचला नाही. तो हस्तलिखितांतच राहिला आणि विसाव्या शतकात संशोधकांनी उजेडात आणला.

सरफोजीराजे दुसरे यांची कारकीर्द म्हणजे तंजावरच्या मराठी संस्कृतीचा सर्वोच्च काळ. १७७७ मध्ये जन्मलेले सरफोजी तुळजाजीराजांचे दत्तकपुत्र. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, राजवाडा आणि ठरलेले वर्षासन राहिले. राजसत्ता हातची गेल्यावर त्यांनी आपली सगळी शक्ती विद्येकडे लावली. राजवाड्यात ‘नवविद्या कलानिधी शाला’ सुरू केली आणि १८०५ मध्ये छापखाना काढला. या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापले गेले. इसापाच्या नीतिकथांचे सखण पंडित यांनी केलेले ते मराठी भाषांतर होते. मुंबईत आणि पुण्यात मराठी पुस्तकांची छपाई रुळण्याआधी कावेरीकाठच्या मुलांसाठी मराठी गोष्टींचे पुस्तक छापले जात होते.

सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली कुरत्ती, म्हणजे हात पाहून भविष्य सांगणारी स्त्री, आपल्या देशाचे आणि डोंगरांचे वर्णन गाण्यातून करते. सरफोजींनी त्या ठरलेल्या वर्णनाच्या जागी जगाचा भूगोल घातला. त्यामुळे या नाटकातील पदांतून खंड, देश, समुद्र आणि नगरे यांची माहिती मिळते. तमिळ लोकनाट्याचा साचा, मराठी भाषा आणि युरोपातून आलेले भूगोलाचे ज्ञान यांचा हा मेळ तंजावर सोडून दुसरीकडे घडणे अवघड होते.

वैद्यकासाठी त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ उभारला. तेथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींवर काम चाले. नेत्ररोग्यांच्या तपासणीची टिपणे आणि डोळ्यांची रंगीत चित्रे ग्रंथालयाच्या दालनात मांडलेली आहेत. मोतीबिंदूने पांढरी झालेली बाहुली, सुजलेली पापणी, लाल झालेला कोपरा हे सगळे चित्रकाराने इतक्या बारकाईने रंगवले आहे की रोग्याचे नाव न वाचताही त्याचे दुखणे कळते. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी भोसल्यांनी छत्रे बांधली. ओरतनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. अशा छत्रांत जेवणाबरोबर मुलांच्या शिक्षणाचीही सोय असे.

या साऱ्याचा कळस म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळात सुरू झालेला हा ग्रंथसंग्रह भोसल्यांनी वाढवला आणि सरफोजींनी त्याला आजचे रूप दिले. १८२० मध्ये ते काशीयात्रेला गेले तेव्हा तेथूनही त्यांनी हस्तलिखिते मिळवून आणली. १९१८ पासून ग्रंथालय सर्वांना खुले आहे. तेथील हस्तलिखितांत संस्कृत पोथ्यांची संख्या सर्वाधिक असून मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. त्यांशिवाय राजदरबाराचे मोडी कागद १,३०० हून अधिक रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडात गुंडाळून गाठ मारलेला दप्तराचा गठ्ठा. त्यांत हुकूम, हिशेब, पगारपट, देवळांना दिलेली नेमणूक, कोठीतून दिलेला शिधा, नाटकवाल्यांना दिलेली बिदागी अशा नोंदी आहेत. राज्याचा रोजचा संसार त्यांत भरलेला आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांपैकी काही कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, ही कृतज्ञतेने सांगण्याची गोष्ट आहे.

१८५५ मध्ये शिवाजीराजे दुसरे यांचा मृत्यू झाला. पुत्र नसल्याने कंपनीने गादी खालसा केली. राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. दरबार मोडल्यावर कारकून, पंडित आणि कलावंत यांना दुसरा आसरा शोधावा लागला. कित्येक मराठी घराण्यांनी इंग्रजी शिक्षण घेऊन कारभारात नाव काढले. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाडांच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. तंजावरला वाढलेला मराठी माणूस अशा रीतीने मराठी संस्थानांच्या कारभारात परत आला.

दरबार गेल्यावरही मराठी परंपरा ज्या वाटेने सर्वांत खोलवर पोहोचली ती कीर्तनाची. १८६४ मध्ये रामचंद्रबुवा मोरगावकर हे महाराष्ट्रातील कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांच्या चातुर्मासातील कीर्तनांनी शहर भारून गेले. एका आख्यानात गाणे, निरूपण, विनोद आणि भक्ती यांचा मेळ घालण्याची ही रीत तमिळ कलावंतांना नवी होती. तंजावर कृष्ण भागवतर यांनी ती आत्मसात केली आणि तिला तमिळ भाषेत व कर्नाटक संगीतात उतरवले. त्यातून आजची तमिळ हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग, अंजनीगीत हे मराठी छंद त्यांच्या नावांसकट हरिकथेत आले आणि अजून आहेत. मराठीचे एक अक्षर न जाणणारा भागवतर साकी आणि दिंडी चालीत तमिळ पदे म्हणतो आणि समोरचे श्रोते त्याला साथ देतात.

भजनाची गोष्टही तशीच आहे. दक्षिणेतील भजन संप्रदायाची पद्धत बसवून देण्यात मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी यांचा मोठा वाटा आहे. त्या पद्धतीत तेलुगू, संस्कृत आणि तमिळ पदांबरोबर मराठी अभंगांना हक्काची जागा मिळाली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांचे अभंग कावेरीकाठच्या भजनमठांत पिढ्यानपिढ्या म्हटले जातात. ते तमिळ लिपीत लिहून घेतलेले असतात आणि उच्चारांना तमिळ वळण असते. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर अलीकडच्या काळात उभे राहिले, ते याच भक्तीतून. कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटी अभंग गाण्याची प्रथाही आता रुळली असून अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी तो देशोदेशी पोहोचवला आहे. रामदासी संप्रदायाचे मठ तंजावर आणि मन्नारगुडी येथे स्थापन झाले. तंजावरला भीमस्वामींनी आणि मन्नारगुडीला अनंतमौनींनी ही परंपरा वाढवली.

स्वयंपाकघरातही मराठी टिकून आहे. सरफोजींच्या मुदपाकखान्यातील पदार्थांची कृती सांगणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ग्रंथालयाने छापलेले आहे. तंजावर मराठी घरांतली ओळखीची गोष्ट म्हणजे डांगर पचडी. उडीद डाळ कोरडीच खमंग भाजून तिचे पीठ दळतात. ते घट्ट दह्यात गुठळी न होऊ देता कालवतात, मीठ आणि हिंग घालतात आणि वर मोहरी-मिरचीची फोडणी देतात. बीड-अंबाजोगाईकडे उन्हाळ्यात भाकरीबरोबर कालवले जाणारे डांगर ज्याने खाल्ले आहे, त्याला पहिल्याच घासाला या चवीचे गाव कळते. फरक इतकाच की तंजावरला ते भाताबरोबर येते. वांगी, डाळ, चिंच आणि खोबरे घालून केलेली रसवांगीही तशीच. ती तमिळ ब्राह्मणी स्वयंपाकात इतकी मुरली आहे की ती मराठी घरांतून आली, हे अनेकांना सांगावे लागते. सांबाराचा उगम तंजावरच्या मुदपाकखान्यात झाल्याची कथा मात्र दंतकथेच्याच कोटीतली मानावी.

घरातल्या बोलीची स्थिती अधिक नाजूक आहे. तंजावर मराठी म्हणून ओळखली जाणारी ही बोली महाराष्ट्रातील आजच्या प्रमाण मराठीपासून तीनशे वर्षे वेगळी वाढली. तिच्यात जुन्या मराठीची रूपे आहेत, तमिळ शब्द आहेत आणि वाक्याचा हेल दक्षिणेचा आहे. देशस्थ घरांत पुरुषांच्या नावापुढे राव लागते आणि तमिळ शेजारी त्यांना आदराने ‘रायर’ म्हणतात. मुलांचे शिक्षण तमिळमध्ये आणि इंग्रजीत होते, त्यामुळे बोलता येणाऱ्यांपैकी पुष्कळांना देवनागरी सफाईने वाचता येत नाही. आजी-आजोबा मराठीत बोलतात आणि नातवंडे तमिळमध्ये उत्तर देतात, हे चित्र अनेक घरांत आहे. आंतरजातीय विवाह, नोकरीनिमित्त परगावी जाणे आणि एकत्र कुटुंबांचे विभाजन यांमुळे बोलीचा वापर आक्रसतो आहे.

देश सोडून गेलेल्या इतर समाजांचा अनुभव याच्याशी जुळतो. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळपास तितकीच परदेशी गेली. दुष्काळाने गाव सोडण्याचा अर्थ मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेत गेलेल्या आयरिश घरांतून गेलिक भाषा दोन-तीन पिढ्यांत बहुतेक नाहीशी झाली, पण फिडलची वादनशैली, नृत्य आणि गाणी टिकली. कॅनडातील केप ब्रेटन बेटावर स्कॉटलंडहून गेलेल्या गेलिक भाषकांची वस्ती होती. तेथेही बोलणारे कमी होत गेले, तरी लोकरीचे कापड कुटताना म्हणायची गाणी आणि फिडल जिवंत राहिले. १९३८ मध्ये तेथे गेलिक कॉलेज स्थापन झाले आणि भाषा पुन्हा शिकवण्याचे काम सुरू झाले. तंजावरप्रमाणे तेथेही बोलीपेक्षा गाण्याचे आयुष्य जास्त ठरले.

यावरून एक निष्कर्ष निघतो. परक्या मुलखात वारसा राजाच्या आश्रयावर फार काळ तगत नाही. जे रोजच्या वापरात राहिले आणि शेजाऱ्यांनीही आपले म्हणून उचलले, तेच टिकले. कीर्तन तमिळ झाले म्हणून राहिले, अभंग तमिळ कंठात गेला म्हणून राहिला, डांगर भाताच्या पानात आले म्हणून राहिले. शहाजीराजांची नाटके मात्र दरबाराबाहेर गेली नाहीत आणि म्हणून पोथ्यांत अडकली. ग्रंथालयाने कागद जपले, परंतु कागद जपणे आणि ते वाचले जाणे यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर कमी करणे महाराष्ट्राच्या हातात आहे. तंजावरच्या मोडी रुमालांतील बराच मजकूर अजून मराठी वाचकांसमोर आलेला नाही. तो वाचण्यासाठी मोडी येणारी माणसे हवीत आणि मोडी ही काही महिन्यांच्या सरावाने येणारी लिपी आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी मोडीचे वर्ग नेमाने चालवावेत, विद्यार्थ्यांना तंजावरला पाठवावे आणि तमिळ अभ्यासकांबरोबर बसून हे कागद प्रसिद्ध करावेत. तंजावर मराठी बोलणाऱ्या ज्येष्ठांचे बोलणे, गाणी आणि पाककृती ध्वनिमुद्रित करण्याचे कामही ती पिढी हयात असेपर्यंतच होऊ शकते. वेरूळ, जांब आणि अंबाजोगाईच्या लोकांनी या कामात पुढे यावे, कारण तंजावरला जे उरले आहे त्याचा मोठा भाग त्यांच्याच घरून गेलेला आहे.